सात नंबरचं जुळं

माझी धाकटी जाऊ बोलते. बोलतात तसे सगळेच, पण ही बोलतच असते. दात घासताना बोलते, जिना चढताना धापा टाकत बोलते, आणि झोपेतही बोलते असं भाऊजी सांगतात. मला ते शंभर टक्के खरं वाटतं. आमच्या कारखान्याच्या शॉपमध्ये तिचं नाव चिमणी पडलं ते पहिल्याच दिवशी. मला मात्र नाव-बिव काही पडलं नाही. मला सगळे ताई म्हणतात आणि जरा लांबूनच म्हणतात.

चिमणीच्या तोंडात तीळ भिजत नाही. मागे माझ्या हातून सासूबाईंची काचेची बरणी फुटली. मी तुकडे गोळा केले, कचऱ्याच्या डब्यात खाली दाबले, वर कागद पसरला. कुणाला सुगावा लागला नसता. तर ही बया जेवायला बसल्यावर म्हणते, "ताई, काच लागली नाही ना हाताला?" झालं! सगळ्यांच्या माना माझ्याकडे. बरं, त्यात खोट काढायचीही सोय नाही, कारण तिला खरंच माझ्या हाताची काळजी वाटत होती. नंतर पट्टी घेऊन आली की हो मागे मागे!

आणि हिला कारखान्यात कुणी लावली? मीच. लग्न होऊन आली तेव्हा घरात बसून कंटाळत होती. मी सुपरवायझरपाशी शब्द टाकला, मशीनवर उभं केलं, दाणा कसा भरायचा, झाकण हातात घेऊन कसं बघायचं, सगळं शिकवलं. आम्ही बाटल्यांची झाकणं बनवतो. प्लास्टिकचा दाणा वितळतो, मोल्डमध्ये म्हणजे साच्यात जोरात शिरतो, मोल्डभोवती गार पाणी फिरतं, झाकण आळतं आणि टपटप खाली पडतं. ऐकायला सोपं आहे. पाणी कमी झालं तर झाकण वाकतं, जास्त झालं तर अर्धवटच भरतं. सात नंबरचं मशीन माझं. मी लागले तेव्हा ते नवीन होतं आणि मीही. आता दोघांचेही सांधे वाजतात.

तर झालं असं की कंपनीने सात नंबरचं जुळं आणलं.

जुळं म्हणजे दुसरं मशीन नव्हे. शॉपच्या वर, लोखंडी जिना चढून गेलं की एक काचेची खोली केली, तिथे मोठ्ठा पडदा लावला आणि त्या पडद्यावर हुबेहूब सात नंबर. खालचं दार उघडलं की वरचं उघडतं. खालचं तापलं की वरचं लाल होतं. खालच्या मशीनला जागोजागी तारा जोडल्या होत्या, त्यातून सगळं वर जायचं. इंजिनिअर बाई आल्या होत्या हे बसवायला. बारीक अंगाच्या, बोलायला मऊ. त्यांनी आम्हाला पडद्यापुढे उभं करून समजावलं. "ही तांबडी रेघ म्हणजे खालच्या मोल्डची खरी उष्णता. ही निळी रेघ म्हणजे जुळ्याच्या हिशेबाने जी असायला हवी ती. दोन्ही एकमेकींवर चालल्या तर जुळ्याला मशीन कळलंय. मग मशीन उद्या कुठे अडणार, ते जुळं आजच सांगेल. रेघा फाकल्या तर समजायचं की खाली असं काही झालंय जे आपण जुळ्याला सांगितलेलं नाही."

मग मुद्द्यावर आल्या. जुळ्यापुढे एक माणूस कायमचं बसणार होतं. ते त्यांना कॉलेजातून नको होतं, मशीनवर काम केलेलं हवं होतं. एकच जागा. वर गारवा, बसायला फिरती खुर्ची, आणि शिकवणार त्या स्वतः.

मला ती खुर्ची हवी होती. उगाच आढेवेढे कशाला घ्यायचे? माझ्या टाचा सकाळी जमिनीवर टेकत नाहीत. पण टाचांचं एक निमित्त. सात नंबर माझं होतं, मग त्याचं जुळं दुसऱ्या कुणाचं कसं? मी घरी सांगूनही टाकलं की आता आम्ही वर बसणार. सासूबाई म्हणाल्या, "चांगलं आहे की. धाकटीने पण दिलंय म्हणे नाव."

मी हातातला घास ताटात ठेवला आणि धाकटीकडे वळले.

"अहो ताई, सहज दिलं हो," चिमणी म्हणाली. "इंजिनिअर बाई म्हणाल्या, देऊन तर बघा. मला कुठलं जमतंय!"

सहज! हिचं सगळं सहजच असतं. या घरात आली तीही सहज, आणि ज्या सासूबाईंना माझा चहा आवडू लागायला वर्षं गेली त्या हिच्या हातचा पहिला कप पिऊन म्हणाल्या, "वा!" माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी उठले आणि भांडी घासायला बसले.

इंजिनिअर बाईंनी आम्हा दोघींची ट्रायल ठरवली. पहिल्या आठवड्यात मी वर आणि चिमणी खाली मशीनवर. दुसऱ्या आठवड्यात उलट. जिच्या आठवड्यात रेघा जुळलेल्या राहतील तिला खुर्ची. शॉपला तर आयतीच करमणूक मिळाली. पॅकिंगवाल्या बायका येता-जाता विचारायच्या, "काय ताई, घरात एक चूल आहे ना अजून?" मी हसायचे. दात दाखवणं आणि हसणं यातला फरक त्यांना कळत असणार.

आता एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. मोल्डला पाणी देणाऱ्या नळीला एक कॉक आहे. साधा, हाताने आटे फिरवून उघडायचा. सगळ्या मशीनला तारा लावल्या, पण त्या कॉकला मीटर नाही. तो किती उघडा आहे हे मशीनवरच्या माणसाने पॅनलवर लिहिलं तरच जुळ्याला कळणार. पॅनल म्हणजे मशीनच्या अंगावरचा छोटा पडदा. त्यावर इंजिनिअर बाईंनी रकाने करून दिले होते, काय केलं आणि किती केलं. आणि सगळ्यात खाली एक हिरवं बटण, "सर्व ठीक".

आमच्या शॉपमध्ये हिरव्या बटणाशिवाय दुसरं काही कुणी दाबत नाही. त्याला कारण आहे. जुन्या सुपरवायझरच्या काळात जिने म्हणून सांगितलं, "साहेब, मी अमुक फिरवलं," तिचं नाव दुपारी फळ्यावर. मोठ्या अक्षरात, जेवणाच्या हॉलच्या दाराशी. मशीन आधीच बिघडलं होतं आणि तिने सावरलं, हे कोण ऐकतो? सांगितलंस म्हणजे तूच केलंस. तो सुपरवायझर गेला, फळा गेला, भिंतीवर खिळे तेवढे राहिले. पण आमची बोटं शिकायची ते शिकली. हाताने सावरायचं आणि तोंडात मूग धरून बसायचं. मला तर त्याचा अभिमान होता. सात नंबरच्या किती भानगडी मी कुणाला कळू न देता निस्तरल्या आहेत, त्या मला आणि मशीनलाच ठाऊक.

पहिला आठवडा. मी वर खुर्चीत. काय सांगू, पाठ टेकली आणि डोळ्यांत पाणी यायचं बाकी राहिलं. इंजिनिअर बाईंनी रेघा कशा मोठ्या करायच्या, मागच्या तासाचं कसं बघायचं, दाणा बदलला तर जुळ्याला कसं विचारायचं, सगळं दाखवलं. मला जमलं. उगाच नम्रपणा नको, छान जमलं. आणि खाली चिमणी. पॅनलवर तिची टकटक थांबेना. माझ्या पडद्याच्या कोपऱ्यात एकामागून एक ओळी उमटायच्या. "कॉक पाव आटा उघडला." "कॉक परत होता तसा केला, माझंच चुकलं." "नवीन पोतं फोडलं, दाणा ओलसर वाटतोय, खात्री नाही." "पंख्याची दिशा बदलली, डोळ्यात वारं जात होतं." "पाणी प्यायला जाऊन आले."

"शिंक आली तरी लिहील ही," मी म्हणाले.

इंजिनिअर बाई हसल्या, पण त्यांनी ओळी पुसल्या नाहीत. प्रत्येक ओळ वाचून मी जुळ्याला सांगत गेले आणि निळी रेघ तांबडीवर अशी चालली की दोन रेघा आहेत हे कळेना. आठवड्याच्या शेवटी सुपरवायझर वर आला. त्याला आम्ही भोंगा म्हणतो, कारण तो कानात बोलला तरी गेटवर ऐकू जातं. "मानलं ताई!" असं म्हणाला की खालच्या सगळ्या माना वर झाल्या. मी हरभऱ्याच्या झाडावर चढले. कुणाच्या सांगण्यावरून रेघा जुळत होत्या हा विचार मला शिवलासुद्धा नाही.

घरी चिमणीनेच सगळ्यांना सांगितलं. "आई, ताईंच्या रेघा काय सुंदर! बाई म्हणाल्या, असं त्यांनी कुठे बघितलं नाही." तिचे डोळे चमकत होते. माणसाने कुणावर धड जळायचं म्हटलं तर समोरच्याने थोडं तरी वाईट वागावं की नाही?

दुसऱ्या आठवड्यात ती वर गेली आणि मी खाली.

पहिल्या दिवशी मी मान वर करायची नाही असं ठरवलं होतं. पण काच आहे, दिसतंच. चिमणी खुर्चीत बसली, खुर्ची एकदा गोल फिरवली, इंजिनिअर बाई हसल्या. मग दोघी पडद्यात डोकं घालून बोलत राहिल्या. माझ्याशी बाई समजावून बोलायच्या. हिच्याशी गप्पा मारत होत्या! मध्येच चिमणीने काहीतरी विचारलं आणि बाईंनी हातातलं पेन खाली ठेवून तिच्याकडे बघितलं. तसं माझ्याकडे त्यांनी एकदाही बघितलं नव्हतं. माझ्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या की खरंच डोळे चुरचुरले.

त्याच वेळी झाकणं जरा वाकडी यायला लागली. नळीत क्षार धरतो, पाणी कमी होतं, नेहमीचंच आहे. मी नेहमीसारखा कॉक थोडा उघडला. झाकणं सरळ झाली. पॅनलकडे बघितलं. रकाने तसेच रिकामे. मी हिरवं बटण दाबलं. सर्व ठीक.

मी काही बिघडवलं नाही, एवढं लक्षात घ्या. मी फक्त सांगितलं नाही. आजवर कुणाला सांगितलं होतं, म्हणून हिला सांगू?

पण वर बघितलं की हात कॉकवर जायचा. चिमणी हसली, पाव आटा. बाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला, अर्धा. झाकणाला गरज नव्हती, माझ्या हाताला होती. आणि प्रत्येक वेळी हिरवं बटण. दुपारपर्यंत झाकणांच्या कडा अर्धवट यायला लागल्या. मी ती झाकणं बाजूच्या क्रेटमध्ये टाकत राहिले. वर रेघा फाकत असणार, मला दिसत नव्हत्या, पण चिमणीची मान आता पडद्यापासून हलत नव्हती. तिने बोलणं थांबवलं होतं. चिमणी गप्प! खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. गोड खाल्ल्यासारखं बरं वाटलं.

मग भोंगा वर गेला आणि लगेच इंजिनिअर बाईंना घेऊन खाली आला. चिमणी काचेला चिकटून उभी होती.

"मोल्ड गार पडतोय," भोंगा म्हणाला. "जुळं म्हणतं गरम असायला पाहिजे. म्हणजे मोल्डच्या आतलं काहीतरी गेलं. बंद करा मशीन. मोल्ड उतरवायचा."

मोल्ड उतरवायचा म्हणजे वरून साखळदंड येणार, सगळे बोल्ट निघणार, सात नंबर उघडं पडणार. पाळीची पाळी जाणार. आणि चिमणीची ट्रायल संपलीच म्हणून समजा.

"ताई, तुम्ही काही बदललंत का?" इंजिनिअर बाईंनी विचारलं. "काहीही. रागवायचं कारण नाही."

सुटका त्यांनी हातात ठेवली होती. मी म्हणाले, "मी काय बदलणार? आपोआप झालं असेल."

आपोआप! तोंडातून गेलं आणि मलाच ते शेवाळ्यासारखं बुळबुळीत लागलं. भोंगा साखळीसाठी हाक मारणार, तेवढ्यात शॉपभर कर्रर्र आवाज झाला. काचेच्या खोलीत माइक आहे, सूचना द्यायला. चिमणीला तो चालू करता येतो हे तोवर कुणाला माहीत नव्हतं.

"थांबा हो, मोल्ड नका उतरवू!" तिचा आवाज पत्र्यावर आदळून परत येत होता. "मशीनला काही झालेलं नाही. ताई चिडल्यात."

सगळी मशीनं चालू असताना शॉप गप्प कसं होतं ते मी त्या दिवशी ऐकलं.

"ताई चिडल्या ना, की घरी नळ पूर्ण सोडतात," चिमणी सांगतच राहिली. "भांडी घासताना. आधी थोडा, मग अजून थोडा, मग पूर्ण. शेवटी ओटा, साडी, सगळं ओलं होतं. आज सकाळपासून तांबडी रेघ तश्शीच पायरी पायरीने खाली चाललीय. मोल्ड फुटला असता तर एकदम पडली असती ना? ताई, कॉक बघा ना जरा. आणि सॉरी हां, माझाच राग आलाय तुम्हाला, मला माहीत आहे."

पॅकिंगच्या टेबलाशी कुणीतरी फिस्सकन हसलं. मग आणखी कुणी. इंजिनिअर बाई कॉकपाशी गेल्या आणि त्यांनी तो हातात धरून बघितला. पूर्ण उघडा होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, ते बरं केलं. हळूहळू कॉक मागे फिरवला, वर चिमणीला बोटांनी खूण करत करत, आणि थोड्या वेळात झाकणं भरून यायला लागली.

भोंगा तोंड उघडणार होता. मी फळ्याचे खिळे बघत उभी राहिले. पण बाईंनी त्याला हातानेच थांबवलं आणि मोठ्याने वर विचारलं, "हे तुला रेघेवरून कळलं?"

"रेघेवरून आणि नळावरून," चिमणी माइकमधून म्हणाली. "एकट्या रेघेवरून कुठलं कळायला!"

खुर्ची तिला मिळाली. मिळणारच होती. बाई म्हणाल्या, पडदा दोघींनाही जमला, पण जुळ्याला सगळं सांगणारं आणि खालचं माणूस ओळखणारं एक माणूस वर हवं. मला त्यांनी सात नंबरवरच ठेवलं, रागावल्या नाहीत. पॅनलवर मात्र एक नवा रकाना आला. काय केलं, किती केलं, आणि त्याखाली, का केलं. हिरवं बटण काढून टाकलं.

घरी त्या रात्री चिमणी आली माझ्या मागे मागे. "ताई, मी सगळ्यांसमोर बोलायला नको होतं हो. माझं तोंड म्हणजे ना..." मी भांडी घासत होते. एकाएकी माझं लक्ष नळाकडे गेलं. पूर्ण सोडलेला होता आणि पदरापर्यंत ओली झाले होते मी. इतकी वर्षं ही पोरगी माझ्याकडे बघत होती. माझा नवरा बघत नाही इतकं. आणि मी? हिला काय आवडतं, ही कशाने दुखावते, झोपेत काय बोलते, मला काहीसुद्धा सांगता आलं नसतं. ती किती वाईट आहे एवढंच शोधत राहिले आणि तेही सापडलं नाही. मी नळ बंद केला. माझ्याकडून तेवढंच झालं.

माझी जळजळ गेली असं कुणी समजू नये. दुसऱ्या दिवशी ती जिना चढून वर गेली, खुर्ची गोल फिरवली, आणि माझं झाकणांवरचं लक्ष उडालं. बाई आल्या, दोघी हसल्या. हात कॉकवर गेला तो गेलाच. फिरवला. मग पॅनलवर बघते तर हिरवं बटण नाही.

काय केलं? मी लिहिलं, कॉक उघडला.

का केलं? बोट तसंच अधांतरी राहिलं. क्षार, असं लिहिता आलं असतं. दाणा ओला, तेही चाललं असतं. मी लिहिलं, "तू वर बसलीस म्हणून."

वर बघायची हिंमत नव्हती. पॅनल चमकलं. वरून प्रश्न आला होता.

"कॉक किती उघडला?"

"पूर्ण," मी लिहिलं.

"आणि राग?"

मी मागे वळून बघितलं, कुणी वाचत नव्हतं.

"तोही," मी लिहिलं.

खालून मला रेघा दिसत नाहीत. पण काचेमागे चिमणीने दोन्ही हात वर केले आणि तळवे एकमेकांवर ठेवून दाखवले. रेघा जुळल्या होत्या. हसत होती मेली, आणि डोळे पुसत होती. मी कॉक होता तिथे परत आणला, आणि तेही लिहिलं.